झालेला पाऊस

चेरापुंजीला किती पाऊस पडतो हे मी वर्गात इतक्या बेफिकिरीने सांगत असे, की जणू रोज सकाळी उठून तिथला पाऊस मोजायचा डबा मीच ओतून येत होतो. महाबळेश्वर, आंबोली, सहाराचं वाळवंट, सगळं मला तोंडपाठ. पुस्तकात असतो तोवर भूगोल हा अत्यंत सुरक्षित विषय आहे. तो पुस्तकाबाहेर काढला की काय होतं, ते मला सावळखेडला समजलं.

सावळखेड म्हणजे संग्रामपूरच्याही पलीकडे, सातपुडा जिथून हात लांबवला तर लागेल असा वाटतो, तिथलं गाव. मी मूळचा बुलढाण्याचा, म्हणजे कचेऱ्यांच्या आणि कोर्टाच्या गावचा. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, खेडोपाडी हायस्कुलं निघत होती, आणि अशाच एका हायस्कुलात मी भूगोल शिकवायला लागलो होतो. पण हंगामी. वर्ष सरलं की संस्थेचे अध्यक्ष हिंमतराव पाटील एका कागदावर सही करणार आणि मी ‘कायम’ होणार, असा करार होता. ‘कायम’ या शब्दातली गोडी हंगामी माणसालाच कळते. हंगामी मास्तराला घरमालक भिंतीत खिळासुद्धा ठोकू देत नाही. माझा कोट आल्या दिवसापासून दाराच्या कडीला लोंबत होता.

तर मी आठवीच्या वर्गात चेरापुंजीचा पाऊस पाडत होतो आणि तेवढ्यात तुळशीराम उभा राहिला. हा मुलगा वर्गात महिन्यातून एकदा बोलत असे, पण बोलला की मास्तराचा तास वाया जात असे.

“गुरुजी, आपल्या गावात किती पडते?”

“पुरेसा पडतो,” मी म्हणालो.

“पुरेसा म्हणजे किती मिलिमीटर?” हा प्रश्न शरयूचा. ती पोस्टमास्तरांची मुलगी. जन्मापासून टपालाची वजनं पाहिल्यामुळे तिला मोघम काही चालत नसे.

 मला चेरापुंजीचं येत होतं, शाळेच्या अंगणातलं येत नव्हतं. मागच्या बाकावरून कोणीतरी हसलं. शिक्षकाच्या अंगात दोन प्रकारचं रक्त असतं, असं माझं मत आहे. एक साधं, आणि एक वर्गात कोणी हसलं की उसळणारं. ते दुसरं उसळलं आणि मी टेबलावर हात आपटून म्हणालो, “मोजू! आपण आपल्या गावचा पाऊस मोजू, वारा मोजू, ऊन मोजू. या शाळेत हवामान केंद्र होणार!”

मुलांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्यावर माघार घेता येत नाही. देशाचे पुष्कळ निर्णय असेच झाले असावेत.

मुख्याध्यापक वामनराव यांचा एक सिद्धान्त होता: जे अर्जाशिवाय होतं ते काम नव्हे, अपघात. तेव्हा आधी अर्ज झाला. ‘शाळेस एक तापमापक व एक पर्जन्यमापक मिळावा.’ वामनरावांनी दोनदा वाचून, ‘मिळावा’चं ‘मिळण्याची कृपा व्हावी’ करून तो जिल्ह्याला रवाना केला. तो तिथल्या एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत गेला. सरकता सरकता पर्जन्यमापक कुठेतरी गळून पडला आणि तापमापक तेवढा उरला. शेवटच्या टेबलाने विचार केला की ज्या अर्थी शाळा तापमापक मागते आहे, त्या अर्थी शाळेत ताप आहे.

एका सकाळी शाळेसमोर जीप थांबली. तीतून हिवतापवाले उतरले. हातात काचपट्ट्या, सुया, पाठीवर फवारणीचे पंप.

“ताप कोणाकोणाले हाय?” त्यांच्या म्होरक्याने विचारलं.

“कोणालाच नाही,” मी म्हणालो. “आम्हाला हवेचा ताप मोजायचा आहे.”

“हवेनं ताप येत नसते, गुरुजी, मच्छरानं येते. तुमी शिकले-सवरले माणसं!” असं म्हणून त्याने आधी माझंच बोट धरलं आणि टोचलं. नंतर वामनरावांचं. मग इयत्तावार सगळ्या शाळेचं. उरलेला दिवस पांढऱ्या फवाऱ्यात गेला. जाताना त्यांनी काखेत धरायचा एक तापमापक दिला आणि ‘उपकरण पोचले’ म्हणून वामनरावांची सही घेतली. त्यामुळे शाळेकडे तापमापक आहे हे सरकारदरबारी सिद्ध झालं आणि दुसरा मागण्याची वाट कायमची बंद झाली.

संध्याकाळी मुलांच्या आया माझ्या दारात उभ्या.

“काऊन हो मास्तर, हवा मोजतो म्हने, अन् पोट्ट्याईचं रगत काऊन काढलं?”

मी खूप समजावलं. त्या ऐकून घेत होत्या, पण नजर माझ्या काखेकडे होती, कारण तो तापमापक सुरक्षित राहावा म्हणून मी तिथेच धरला होता.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, मुलं आता हा नाद सोडतील. ती बोटाला चिंध्या बांधून वर्गात बसली होती. शरयूने विचारलं, “गुरुजी, मग पाऊस मोजायचा डबा कधी आणायचा?” त्या क्षणी मी ठरवलं की आता थांबणे नाही. सरकार असो, मच्छर असो.

पावसाचं सोपं निघालं. सरळ कडांचा एक पत्र्याचा डबा, तोंड आभाळाकडे, आणि आत बुडवायला पट्टी. डबा आमच्या घरचाच होता. त्यात शेवया होत्या. माझी बायको स्नेहलता हिने शेवया कुठे ठेवू असं विचारलं तेव्हा मी ‘विज्ञानासाठी’ असं उत्तर दिलं, आणि ती दोन दिवस माझ्याशी विज्ञानाविषयी बोलली नाही. तापमापकासाठी मी स्वतः बुलढाण्याला एसटीने जाऊन आलो. फोटोग्राफर लोक फोटो धुण्याच्या औषधात बुडवतात तसला एक, ओळखीच्या स्टुडिओवाल्याने दिला. येताना तो पंचाच्या बोटासारखा हातात उभा धरून बसलो, तर शेजारच्या बाईने मला डॉक्टर समजून मेहकरपासून चाललेली आपली पाठदुखी सांगितली.

तापमापक सावलीत हवा, पण वाऱ्यात हवा. म्हणून किसनराव सुतारांकडून चार पायांची एक पांढरी जाळीदार पेटी करून घेतली आणि मैदानाच्या कडेला उभी केली. मुलांच्या पाळ्या लागल्या. सकाळी आणि संध्याकाळी तापमान, वारा, आभाळ, पाऊस. तुळशीराम वाचणार, शरयू ओसरीवरच्या फळ्यावर लिहिणार. दोघांमध्ये भांडण एवढंच, की पारा रेषेच्या मधोमध असला तर वरचा आकडा घ्यायचा की खालचा. या विषयावर ती दोघं आठवडाभर बोलत नव्हती, आणि तरी पाळी चुकवत नव्हती.

मग वाऱ्याची दिशा. पुस्तकात त्याला ‘वातकुक्कुट’ म्हणतात. छपरावर एक पत्र्याचा कोंबडा बसवायचा, वारा जिकडून येईल तिकडे तो तोंड करतो. मी हा ठराव संस्थेच्या सभेत मांडला आणि सभा गार झाली.

“शाळेवर कोंबडा?” हिंमतराव पाटील म्हणाले. धिप्पाड माणूस, मिशी भरदार, गळ्यात माळ. “मास्तर, रस्त्यानं जानाऱ्या माणसाले काय वाटन? खानावळ हाय म्हनन. जेवाले येऊन बसन लोक.”

“पण पुस्तकात कोंबडाच आहे.”

“पुस्तक कोन लिवलं? विलायतवाल्यानं. त्याचं खानं निराळं.”

पुष्कळ चर्चा झाली. कोणी गाय सुचवली. कोणी बाण सुचवला, तर बाण कोणावर रोखलेला दिसेल यावरून दोन आळ्यांत वाद झाला. शेवटी हिंमतरावांनीच निकाल दिला. मोर हा नुकताच राष्ट्रीय पक्षी झाला होता. मोर बसवा. किसनरावांनी पत्र्याचा मोर केला, पण राष्ट्रीय मोर म्हणून त्याला पिसारा एवढा भव्य दिला, की पहिल्याच वाऱ्यात तो आडवा झाला आणि ओसरीवर हजेरी घेत असलेल्या वामनरावांच्या टोपीला घासून गेला. पिसारा कातरल्यावर बरा फिरू लागला. टोपी मात्र वामनरावांनी कपाटात तशीच जपून ठेवली, चौकशी झाली तर दाखवायला.

तरीही गाडी रुळावर आली होती. हिवाळा सरत आला, माघ लागला. आणि एक दिवस फळ्यावर आकडा आला: तापमान एकशे आठ अंश फॅरनहाइट.

गावात बोभाटा झाला. माघात एकशे आठ! बाजारात म्हाताऱ्यांनी उपरणी डोक्याला गुंडाळली. वामनराव घाम पुसत आले. “नीळकंठराव, वैशाखात हे कुठे जाईल?” मी फळ्यापुढे उभा राहिलो तर मलाच थंडी वाजत होती. तुळशीरामला विचारलं. तो म्हणाला, “गुरुजी, मी पाह्यलं तेच सांगितलं.” शरयू म्हणाली, “मी ऐकलं तेच लिहिलं.” दोघंही पुसायला तयार नव्हती.

मी पेटीचं दार उघडलं. आत तापमापकाच्या शेजारी एक पितळी गंज, वर झाकण, आणि झाकणावर दगड. गंजातलं दूध अजून वाफाळत होतं.

मैदानाला लागून सोजराबाईंचं घर. एकट्या राहात, दोन म्हशी बाळगत, आणि शाळेच्या मैदानाला स्वतःचं अंगण मानत. मी गंज घेऊन त्यांच्या दारात गेलो.

“सोजराबाई, हे काय?”

“दूध व्हय, मास्तर,” त्या म्हणाल्या. “बरं झालं बापा तुमी ते कपाट केलं. जाळीचं हाय, वारं लागते, मांजर जात नाई. सकाळी दही बी तथीच लावलं होतं.”

“ती सरकारी नोंदीची पेटी आहे!”

“मंग मी काय सरकारचं दूध ठेवलं? माह्यं हाय ना.”

मी गंज त्यांच्या हातात दिला. शेवटी तुळशीरामने तोड काढली. पेटीला कडी लागली आणि किसनरावांनी उरलेल्या जाळीतून सोजराबाईंना एक लहान कपाट करून दिलं. शरयूने फळ्यावर त्या दिवसाच्या आकड्यापुढे लिहिलं, ‘दुधामुळे’. खाडाखोड नाही. जे झालं ते लिहायचं, असा त्या दोघांचा बाणा होता, आणि खरं सांगायचं तर आता माझाही झाला होता.

एव्हाना फळा वाचायची गावाला सवय लागली होती. आणि सवयीतून नवीनच संकट उगवलं. लोक पुढचं विचारू लागले.

“मास्तर, परवा तूर मळाले काढू का? पानी येईन का?”

“ते आम्ही सांगत नाही. आम्ही झालेला पाऊस सांगतो.”

“झालेला?” माणूस माझ्याकडे निरखून बघायचा. “झालेला तं मलेई ठाव राह्यते ना, मास्तर. मीच भिजलेलो राह्यतो.”

हा संवाद मी रस्त्यात, एसटीच्या थांब्यावर, न्हाव्यासमोर अर्धी दाढी झालेली असताना, सगळीकडे केला. नोंद आणि भाकीत यांतला फरक समजावता समजावता माझा आवाज बसला. गावाने त्यातून काढलेला अर्थ एवढाच, की मास्तराला माहीत आहे पण सांगत नाही.

त्यातच हिंमतरावांच्या मुलीचं लग्न निघालं. फाल्गुनात, दुपारचा मुहूर्त, मंडप थेट शाळेसमोरच्या मोकळ्या जागेत. व्याही नारायणराव जळगावकडचे, बडं प्रस्थ. हिंमतरावांनी मंडपासाठी शेगावहून रंगीत कापड मागवलं. त्यावर घालायची ताडपत्री मात्र मागवली नाही.

मी कारण विचारलं. हिंमतराव फळ्यासमोर उभे होते. त्यांनी बोट दाखवलं. “हे पाहा. लिवलं हाय ना? पाऊस, नाही. रोज लिवून राह्यले तुमचे पोट्टे. पाऊस नाही, पाऊस नाही. मंग ताडपत्रीनं माह्या कापडाचा रंग कायले झाकू?”

“पाटील, ते कालचं आहे. काल नव्हता.”

“काल नव्हता, परवा नव्हता. तुमीच मोजलं. आता तुमचाच तुमच्यावर भरोसा नाई का?” आणि हसत पाठीवर थाप मारून म्हणाले, “मास्तर, तुमी लई भेता. लग्न होऊ द्या, मंग तुमचा कागद काढतो.”

कागद म्हटल्यावर मी ताडपत्रीचा विषय सोडून दिला. वामनरावांनीही मला बाजूला घेऊन सांगितलं की लग्नघरी हवामानाचा विषय काढू नये, अशुभ असतं.

लग्नाच्या दिवशी स्नेहलता मेहकरला भावाकडे गेली होती. मुहूर्ताला अवकाश होता, म्हणून पंगती आधीच सुरू झाल्या होत्या; मी धुतलेला कोट घालून एका पंगतीत बसलो. वर लाल-पिवळं कापड उन्हात झळकत होतं, सनई कमी आणि ताशा जास्त वाजत होता. पत्रावळीवर पुरी आली, वांग्याची भाजी आली आणि वाढप्याने माझ्यापुढे ताजी, तुपाने ओलसर बुंदी वाढली. मी हात पुढे केला, तेवढ्यात मागून कोट ओढला गेला. शरयू आणि तुळशीराम. दोघं धापा टाकत होती.

“गुरुजी, वारा फिरला,” शरयू म्हणाली.

“फिरू दे. जेवून येतो.”

“असा नाही. दुपारपर्यंत दक्षिणेचा होता, आता एकदम उत्तरेचा. आणि पारा बघता बघता खाली आला. आम्ही दोनदा बघितला.”

“पहाडावर पाहा, गुरुजी,” तुळशीराम म्हणाला.

मी बसल्या जागेवरूनच मंडपाच्या कडेने बाहेर डोकावलो. सातपुडा दिसत नव्हता. त्याच्या जागी हिरवट काळ्या ढगांची भिंत उभी होती आणि ती चालत येत होती.

मी बुंदीकडे पाहिलं, तुळशीरामकडे पाहिलं, आणि उठलो. नोंदी आम्ही कितीतरी महिने केल्या होत्या. वारा असा झटक्यात फिरावा आणि पारा असा पडावा, हे त्यात एकदाही घडलं नव्हतं. साऱ्या गावाला मी घसा फोडून सांगितलं होतं की आम्ही पुढचं सांगत नाही. आता पुढचं सांगायला मीच निघालो होतो, आणि तेही ज्याच्या सहीवर माझं आयुष्य टांगलं होतं त्याला, त्याच्या मुलीच्या लग्नात.

“पाटील,” मी म्हणालो, “मंडप रिकामा करा. सगळ्यांना शाळेत न्या. आत्ता.”

हिंमतराव व्याह्यांना अत्तर लावत होते. “काऊन?”

“मोठं वादळ येतंय.”

“फळ्यावर तं...”

“फळा कालचा आहे!” मी ओरडलो. ताशा थांबला. एवढ्या मोठ्याने मी वर्गातही कधी ओरडलो नव्हतो.

नारायणराव व्याही हसले. “हे कोण? ज्योतिषी काय?” त्यावर त्यांच्याकडची सगळी मंडळी हसली. हिंमतरावांचा चेहरा लाल झाला. “मास्तर, जाऊन बसा. बुंदी थंडी होईन.” ताशा पुन्हा सुरू झाला.

मी वळलो तर शरयू आणि तुळशीराम जागेवर नव्हती. दुसऱ्याच क्षणी शाळेची घंटा वाजू लागली.

शाळेची घंटा म्हणजे ओसरीत टांगलेला लोखंडी रूळ. तुळशीराम तो दोन्ही हातांनी बडवत होता. रोजच्यासारखी घंटा नव्हती, हिवतापवाले आले तेव्हा सगळ्यांना एकदम आत बोलवायला वाजवली होती तशी, न थांबणारी. गावातलं एकूण एक पोर मंडपात होतं. त्यांनी पत्रावळी सोडल्या आणि सवयीने शाळेकडे धूम ठोकली. पोरं पळताना पाहून आया उठल्या, “काय झालं व माय!” करत त्यांच्यामागे. बायका धावताहेत म्हटल्यावर पुरुषांना वाटलं आग लागली. बघता बघता मंडपातले सगळे शाळेत. नवरीलाही तिच्या मैत्रिणींनी हाताला धरून पळवलं. मंडपात उरले फक्त हिंमतराव, व्याही, घोड्यावरून नुकताच उतरलेला नवरदेव आणि अक्षतांचं ताट धरलेले भटजी.

“पाहून घेईन मास्तर तुमाले!” हिंमतराव तिथून गरजले. त्यांचं वाक्य पुरं झालं आणि पहिली गार त्यांच्या फेट्यावर बसली.

मग जे सुरू झालं त्याला पाऊस म्हणत नाहीत. लिंबाएवढ्या गारा, आडव्या वाऱ्याबरोबर. लाल-पिवळं कापड एकदा फुगलं, फाटलं, आणि अख्खा मंडप खांबांसकट पंगतीवर बसला. चौघंही डोक्यावर पाट धरून ओसरीत पोचले तेव्हा नवरदेवाच्या मुंडावळ्यांतून पाणी ठिबकत होतं. लागलं कोणालाच नाही. एका वाजंत्र्याच्या ताशाला तेवढं भोक पडलं.

आठवीच्या वर्गात दोन गावं कोंबून उभी होती. पत्र्यावर गारा अशा वाजत होत्या की शेजारच्याचं ऐकू येत नव्हतं. हिंमतराव माझ्यासमोर आले. मी डोळे मिटून घेतले. पण ते काही बोलायच्या आत नारायणराव कोपऱ्यातून म्हणाले, “ह्या काय गारा? आमच्याकडे गेल्या साली नारळाएवढ्या पडल्या होत्या. इथे नुसताच गाजावाजा.”

हिंमतरावांची मान गर्रकन वळली. मुलीच्या बापाने फार ऐकून घ्यायचं असतं, आणि त्यांनी सकाळपासून पुष्कळ ऐकून घेतलं होतं. वरातीच्या घोड्यावरून, पाण्याच्या चवीवरून, पुरीच्या आकारावरून. पण आता गोष्ट गावच्या गारांवर आली होती.

“मास्तर,” ते म्हणाले, “मोजा.”

“आता?”

“आत्ता! यायच्या समोर मोजा.”

डबा मैदानात होता. सोजराबाईंनी पळताना मंडपातून उचलून आणलेली मोठी रिकामी पितळी परात माझ्या डोक्यावर ठेवली. “जाय बापा,” म्हणाल्या. मी धावलो. डोक्यावर सगळ्या ताशांचा एकत्र कडकडाट चालला होता, कोटाची बाही फाटली, चिखलात एक चप्पल राहिली, पण गारा थांबेपर्यंत मी डब्याजवळ परात धरून उभा राहिलो आणि मग डबा छातीशी धरून आत आणला. शेवयांच्या डब्याच्या तळाशी दोन-तीन बोटं गारा साचल्या होत्या.

शरयूने डबा टेबलावर ठेवला. “वितळल्याशिवाय मोजता येणार नाही,” ती म्हणाली.

भटजी पुढे सरसावले. “मुहूर्त टळतोय, पाटील. मंगलाष्टकं...”

“थांबा, महाराज,” हिंमतराव म्हणाले. “आधी हे होऊ द्या.”

आणि दोन्हीकडची वऱ्हाडी मंडळी, महाराष्ट्राच्या नकाशाखाली, डब्याभोवती कोंडाळं करून गारा वितळायची वाट पाहू लागली. नवरानवरीसुद्धा. तुळशीरामने डबा दोन्ही हातांत धरला होता, ऊब लागावी म्हणून. त्याचे हात गारठून निळे पडले, पण त्याने कोणाला दिला नाही. शेवटची गार विरघळली. शरयूने पट्टी उभी बुडवली. हिंमतराव माझ्या कानाशी आले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात काही म्हटलं असावं.

“मास्तर, तीसच्या वर सांगा. अन् तुमचा कागद उद्याच.”

शरयू माझ्याकडे बघत होती, तुळशीराम बघत होता. ‘दुधामुळे’ असं फळ्यावर लिहिणारी मुलं ती. मी वाकून पट्टी पाहिली.

“एकवीस,” मी मोठ्याने म्हणालो. “एकवीस मिलिमीटर.”

 हिंमतरावांनी श्वास सोडला. नारायणराव मिशीत हसले. “बस? एवढंच?”

तेव्हा तुळशीराम बोलला. त्या महिन्यातला त्याचा प्रश्न हाच असणार.

“तुमच्या गावात किती पडला होता, पाव्हनं?”

“सांगितलं ना, नारळाएवढ्या गारा.”

“हाव, पन किती मिलिमीटर?”

नारायणरावांनी उपरणं झटकलं. “आमच्याकडे मोजत नाहीत,” ते शेवटी म्हणाले.

हिंमतरावांची छाती दोन बोटं फुगली. “मंग ज्यायनं मोजलंच नाई, त्यायनं बोलू नाई! महाराज, होऊ द्या सुरू!” आणि सावळखेडच्या पोरांनी असा जल्लोष केला की पहिलं मंगलाष्टक कोणाला ऐकूच आलं नाही.

लग्न झालं, वरात गेली. पण गारा विनोद करायला पडत नाहीत. सकाळी शिवारात गेलो तर गहू झोपलेला, हरभऱ्याचे घाटे मातीत. तुळशीरामच्या वडिलांचं वावर तर पार धुऊन निघालं होतं. आज तो येणार नाही, यावंही नाही, असं मनाशी म्हणत मी मैदानाकडे आलो. तो पेटीपाशी उभा होता. गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे लाल. त्याने पारा वाचला, शरयूने लिहिला. पारा बरोबर मधोमध होता. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि न भांडता त्याचा आकडा लिहिला.

त्या आठवड्यात संस्थेची सभा बसली. गावातल्या निम्म्या लोकांचं म्हणणं होतं की त्या डब्याने आणि मोराने गारा बोलावल्या, सगळं उपटून टाका. वामनरावांनी टोपी पुराव्यादाखल आणली होती. पुष्कळ बोलून झाल्यावर हिंमतराव उठले.

“पुढं नुकसानीची पाहनी होईन,” ते म्हणाले, “तवा साहेब इचारन, किती पडल्या? बाकीचे गावं हात पसरून दाखवतीन. आपन आकडा सांगू. केंद्र राहीन. तुळशीरामच्या वावरात दुसरा डबा लावा, शिवारातलं बी कळू द्या.” मग माझ्याकडे वळले. “अन् हा मास्तर. म्या लई पंगती घातल्या. ताजी बुंदी पुढ्यात असताना उठलेला माणूस म्या आजलोक पाह्यला नाई. याले कायम करा.”

ठरावाला सगळ्यांनी हात वर केले. बुंदीचा मुद्दा बिनतोड होता.

स्नेहलता मेहकरहून आली तेव्हा मी भिंतीत खिळा ठोकत होतो. कोट त्यावर अडकवत मी तिला सगळं सांगितलं: घंटा, परात, तीस आणि एकवीस, ठराव. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हणजे तुम्ही बुंदी तशीच टाकून उठलात?”

“उठलो.”

“हाताने चिमूटभर तरी तोंडात टाकायची.”

“वेळच नव्हता,” मी म्हणालो, आणि हातोडी ठेवून चपला घातल्या. “आत्ताही नाही. संध्याकाळची नोंद घ्यायची आहे, मुलं वाट पाहात असतील.”